हरळी आणि हिरवळ

हरळी हें नांव कानीं पडलें कीं वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ज्या शेतांत ती एकदां शिरली त्या शेताचें मोल उतरतें, मजुरीचा खर्च वाढतो, आणि बापानें खणून काढलेली हरळी मुलाला पुन्हां खणावी लागते. उलटपक्षीं, ज्यानें घरापुढें बागेची हौस मांडली आहे अशा गृहस्थास विचारावें, तर हिरवळ कांहीं केल्या जगत नाहीं म्हणून तो कष्टी झालेला आढळतो. आणि ही हिरवळ म्हणजे तरी काय? आपल्याकडे बहुतेक ठिकाणीं तीच हरळी, थोडी नटविलेली. वनस्पति एकच, एक मनुष्य तिला मारूं पाहतो आणि ती मरत नाहीं, दुसरा तिला जगवूं पाहतो आणि ती जगत नाहीं. हा विरोध केवळ दिसण्यापुरता आहे असें माझें मत आहे, आणि तो उलगडण्याच्या कामीं वनस्पतिशास्त्राच्या बरोबरीनें इतिहासाचाही उपयोग होतो.

ज्या गोष्टीनें मी या विचाराकडे वळलों ती अशी. बुलढाणा जिल्ह्यांतील चिखली तालुक्यांत उंद्री म्हणून गांव आहे. तेथें माझे एक स्नेही शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर घर बांधून राहिले. घराची जागा पूर्वीं शेताची, माती काळी. घरापुढील सुमारें हजार चौरस फूट मोकळ्या जागेवर त्यांनीं तीन वर्षांपूर्वीं फेब्रुवारीच्या आरंभीं तयार हिरवळ अंथरविली. ही तयार हिरवळ हल्लीं रोपवाटिकांतून चौरस फुटाच्या भावानें विकत मिळते. तांबड्या मातींत वाढविलेलें गवत बोटभर मातीसकट कापून त्याच्या चौकोनी लाद्या करतात, आणि त्या एकावर एक रचून गाडींतून पाठवितात. सकाळीं ओसाड असलेलें अंगण संध्याकाळीं हिरवेंगार दिसतें. पैसे मोजले कीं चार-सहा महिन्यांचा काळही विकत मिळतो, असा हा व्यवहार आहे.

पहिले तीन आठवडे त्या अंगणाकडे पाहून डोळे निवत. गांवांतील मंडळी मुद्दाम पाहावयास येत आणि मुलें तीवर लोळत. एका वृद्ध शेतकऱ्यानें मात्र वांकून एक काडी उपटली, दोन बोटांत फिरविली आणि विचारलें, “मास्तर, पैसे देऊन हराळी आनली काय?” प्रश्नांत थट्टा होती, पण थट्टेहून आश्चर्य अधिक होतें. ज्या जिनसेचा नायनाट करण्यासाठीं त्यानें जन्मभर मजुरी मोजली होती ती जिन्नस कोणी भाडें भरून गांवांत आणील, ही कल्पनाच त्याला नवी होती.

होळीच्या सुमारास हिरवळीचा मधला भाग पिंवळा पडला. तेथील माती ओली होती आणि तिला कुजकट वास येत होता. गुढीपाडव्यापर्यंत लाद्यांच्या कडा तपकिरी होऊन वर वळल्या, आणि दोन लाद्यांमध्यें बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. अक्षय्यतृतीयेस सर्व अंगण वाळलेल्या पाचोळ्यासारखें झालें होतें. सुटींत मी तेथें गेलों तेव्हां मृत्यु होऊन चुकला होता. कारण काय, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचीं उत्तरें गांवांत हवीं तितकीं मिळत होतीं.

कोणी पाण्याला दोष देई. पूर्णेच्या खोऱ्यांत, शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूस जमिनीखालचें पाणी खारट आहे. त्या भागाला खारपाण पट्टा असेंच नांव आहे, आणि तेथील विहिरीवर बाग करणें कठीण. परंतु वऱ्हाडाचे पायनघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग पूर्वापार मानले जातात त्यांपैकीं चिखलीचा मुलूख बालाघाटांत, म्हणजे घाटावर, मोडतो. शिवाय त्याच विहिरीच्या पाण्यावर कुंपणालगतची जास्वंद आणि कढीलिंब टवटवीत उभे होते. कोणी म्हणे हुमणी लागली. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या व मृगाच्या पावसाबरोबर जमिनींतून बाहेर पडतात, आणि अळीचा खरा उपद्रव पावसाळ्यांत व त्यानंतर होतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या मृत्यूचा आळ तिच्यावर घालणें न्यायाचें नव्हे. वाळवी होती खरी. पण वाळवी मेलेल्याच्या अंगावर येते, तिला खुनी ठरवितां येत नाहीं. पुष्कळांनीं उन्हाचें नांव घेतलें. परंतु हरळी ही उन्हाचीच लेक. ३५ अंशांच्या उष्म्यांत ती जोमानें वाढते. सावलींत मात्र खंगते. उन्हानें ती मरत असती तर बांधाबांधावरची हरळी प्रत्येक वैशाखांत नाहींशी झाली असती आणि वऱ्हाडचा शेतकरी सुखी झाला असता. विक्रेत्यानें फसविलें असेंही एक मत होतें. पण माल आला तेव्हां मुळें पांढरीं व सतेज होतीं, आणि तीन आठवडे गवत जगलेंही होतें.

संशयित असे एकेक करून सुटूं लागले. तेव्हां मला वाटलें, कीं गवत कां मेलें हें विचारण्यापूर्वीं तें जमिनीवर अंथरतां येतें ही समजूत आपल्यांत आली कोठून, हें पाहिलें पाहिजे.

ती समजूत या देशांतली नव्हे. आमच्या जुन्या व्यवहारांत गवताचीं दोनच मुख्य स्थानें होतीं. एक देवपूजेंत. गणपतीला दूर्वांची जुडी वाहतों ती याच हरळीची. आणि कांड्याकांड्यांतून फुटत पसरण्याचा तिचा गुण वैदिक ऋषींच्याही नजरेंतून सुटला नव्हता. दुसरें स्थान वैरणींत. मराठी राज्यांत घोडदळासाठीं कुरणें राखीत, तीं कापण्याचे हुकूम सुटत, आणि राखीव कुरणांत गुरें शिरलीं तर तंटे होत. गवत खावयाचें किंवा वाहावयाचें. नुसतें पाहावयाचें गवत ही कल्पना आमच्या बागांत आढळत नाहीं. याच बुलढाणा जिल्ह्यांत, जिजाबाईंच्या माहेरीं सिंदखेड राजा येथें, मोती तलाव आणि चांदणी तलाव अजून पाहावयास मिळतात. जाधवांच्या त्या वैभवांत पाण्याची हौस जागोजाग दिसते. कातरलेल्या गवताची हौस कोठें दिसत नाहीं. मोगली चारबागांतही पाटाचें पाणी, फळझाडें आणि फुलें यांचें राज्य होतें. आज ताजमहालापुढें जें सपाट हिरवें पटांगण दिसतें तें बव्हंशीं इंग्रजी अमदानींतील फेरफारांचें फळ आहे, आणि त्यांत लॉर्ड कर्झनचा (१८९९–१९०५) हात मोठा होता.

गालिचा हा शब्द मीं सहज वापरलेला नाहीं. पश्चिम युरोपांत पाऊस बारमास थोडाथोडा पडतो, ऊन सौम्य असतें, आणि तेथील बारीक पानांचें गवत दाट विणीसारखें जमिनीलगत पसरतें. व्हर्सायच्या राजवाड्यापुढील गवताच्या लांब पट्ट्याचें नांवच मुळीं ‘हिरवा गालिचा’ असें आहे. इंग्लंडांत प्रथम मेंढ्यांच्या दातांनीं आणि पुढें कसबी मजुरांच्या लांब विळ्यांनीं हे गालिचे कातरले जात. १८३० सालीं ग्लॉस्टरशायरांतील स्ट्राउड येथें एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. आणि त्याला तें सुचलें कशावरून, तर गिरणींत लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून! गवत आणि कापड यांतील भेद त्या दिवसापासून यंत्राच्याही दृष्टीनें पुसला गेला, असें म्हणतां येईल. जें कापडासारखें कातरतां येतें तें कापडासारखें कापून, गुंडाळून, दुसरीकडे पसरतां येतें, हें ओघानेंच आलें. तेथील हवेंत तें साधतेंही. कारण अंथरलेल्या तुकड्याला मूळ धरीपर्यंत आकाश पाणी घालतें.

इंग्रज ही हौस घेऊन हिंदुस्थानांत आला तेव्हां त्याचें स्वतःचें गवत येथें टिकेना, आणि त्याला दूर्वेकडे वळावें लागलें. सर विल्यम जोन्ससारखा रसिक पंडित तर तिच्या इवल्या फुलांस भिंगाखालीं पाहून माणिक-पाचूंची आठवण काढतो. परंतु येथें जो गवत लावीत होता तो इंग्रज नव्हता, माळी होता. आणि माळ्याच्या पद्धति निराळ्या होत्या. एक म्हणजे दूर्वेचे तुकडे पावसाच्या तोंडावर चार-चार बोटांच्या अंतरानें भुईंत खोंचणें. दुसरी अधिक गमतीची: दूर्वा बारीक चिरून शेण, माती व पाणी यांच्या कालवणांत मिसळावयाची, आणि अंगण सारवावें तसा तो लेप भुईवर द्यावयाचा. दोन्ही पद्धतींत गवत वरून येत नाहीं, जमिनींतून वर येतें. त्याला वेळ लागतो. पण जें येतें तें त्याच मातीचें असतें.

दिल्लीच्या राष्ट्रपतिभवनामागील उद्यानाचें उदाहरण या दृष्टीनें फार बोलकें आहे. लट्यन्सच्या आराखड्यावरून १९२८-२९ च्या सुमारास तें लावलें गेलें, आणि पूर्वीं मोगल उद्यान म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या बागेला २०२३ पासून अमृत उद्यान असें नांव आहे. तेथील दूर्वा मूळ कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्यांतून आणलेली. त्या गवताची वहिवाट अशी, कीं वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, वरचा सर्व थर खरवडून टाकतात आणि नवी माती पसरतात. सुमारें तीन आठवड्यांत पटांगण पुन्हां हिरवें होतें. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. तेथें जें खरवडून फेंकून देतात तेंच आमच्या स्नेह्यांनीं मोल देऊन विकत घेतलें होतें. आणि तेथें जें राखतात तें त्यांच्या वांट्यास आलेंच नव्हतें.

हिरवळीच्या मृत्यूची चौकशी महाराष्ट्रांत पूर्वीं एकदां फार गाजली होती, ती मुंबईच्या मैदानावर. १८८० नंतरच्या दशकांत एतद्देशीय पोरें, विशेषतः पारशी तरुण, किल्ल्याबाहेरील मैदानावर क्रिकेट खेळत; आणि त्याच भागावर गोरे लोक आठवड्यांतून एक-दोन वेळ घोड्यांवरून पोलो खेळत. टापांनीं भुई उखडे, गवताचे गड्डे निघत, आणि मग त्या खांचखळग्यांत चेंडू कोणीकडे उसळेल याचा नेम राहत नसे. गोऱ्यांच्या जिमखान्याचें स्वतःचें क्रिकेटचें पटांगण मात्र निराळें राखलेलें होतें. १८८१ सालीं शेंकडों सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला; पुढें कधीं पोलोस मनाई, कधीं पुन्हां परवानगी, असे हेलकावे खात तो वाद चालला. शापूरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं त्या झगड्याचा इतिहासच लिहून प्रसिद्ध केला. अखेर मैदानाचा निकाल लागण्याऐवजीं केनेडी सी-फेसवर समुद्र हटवून काढलेल्या जमिनींत पारशी, मुसलमान व हिंदु जिमखान्यांस वेगवेगळ्या जागा मिळाल्या, आणि त्यांतून जातवार सामन्यांची जी प्रथा रूढ झाली तिची कथा वेगळी आहे. त्या खटल्यांत गवताचा मारेकरी कोण याविषयीं शंका नव्हती. तो घोड्यावर बसलेला सर्वांना दिसत होता. उंद्रीच्या खटल्यांत वरून पाहणाऱ्यास कोणीच दिसत नाहीं, म्हणून खालीं पाहावें लागतें.

खालीं काळी माती आहे. दख्खनच्या पठारावर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जो लाव्हारस पसरला त्याचा काळा दगड झिजून ही माती झाली. इंग्रज भूशास्त्रज्ञ तिला रेगूर म्हणत. तेलुगूंतील रेगड या शब्दाचेंच तें रूप. या मातीच्या अंगीं एक विलक्षण गुण आहे: पाणी पिऊन ती फुगते आणि सुकली कीं आंकसते. पावसाळ्यांत तिच्यांत पाय रुतून बसतो (आमच्या स्नेह्यांच्या तालुक्याच्या नांवांतच चिखल आहे!), आणि चैत्रांत तिला अशा भेगा पडतात कीं काठी घातली तर हातभर आंत जाते. एकदां भिजून गच्च झाली कीं तिच्यांतून पाणी खालीं झिरपावयास तयार नसतें. आणि एकदां तडकली कीं वरचें पाणी भेगांतून थेट पाताळांत जातें. ही स्थिर भूमि नव्हे, श्वासोच्छ्वास करणारी भूमि आहे. तीवर कांहीं अंथरणें म्हणजे निजलेल्या मनुष्याच्या छातीवर भांडीं मांडण्यासारखें आहे.

या भूमीशीं वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें संसार केला तो वखरानें. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला. पुढें अमेरिकेंत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटलें, तेथला कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसाकडे सर्व जगाचे डोळे लागले. १८७० सालीं लॉर्ड मेयोनें खामगांवची रेल्वे-शाखा आणि कापसाची पेठ सुरू केली, तेव्हां खामगांव हें नांव मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडीं झालें. कापूस वाढावा म्हणून धडपडणाऱ्या अंमलदारांस येथील शेतकरी नांगर क्वचित् धरतो आणि वखरावरच भागवितो, याचें आश्चर्य वाटे. पण शेतकऱ्याचें गणित साधें होतें. काळी माती उन्हाळ्यांत आपण होऊन फुटते, तिला दरसाल उलथण्याची गरज नाहीं. वखराची पास तीन-चार बोटें खालून फिरली कीं वरचें तण कापलें जातें आणि उन्हांत वाळून मरतें. एवढ्यानें भागत नसे तें दोन तणांच्या बाबतींत, कुंदा आणि हरळी. हीं दोन्हीं गवतें वखराला हंसत. वखर कापतो तो त्यांचा वरचा भाग. जीव असतो खालीं.

हरळीच्या या खालच्या जीवाला आमच्या भाषेंत नेमका शब्द आहे: काशा. जमिनीखालून आडव्या धांवणाऱ्या, पांढऱ्या, पेरेंपेरें असलेल्या त्या दांड्या म्हणजे हरळीची खरी तिजोरी. अन्न तेथें सांठवलेलें असतें, प्रत्येक पेरावर डोळा असतो, आणि मुळें त्यांच्याही खालीं तीन-चार फूट ओल धुंडीत जातात. वर वणवा लागो, गुरें चरोत, दुष्काळ पडो. काशी शाबूत आहे तोंवर हरळी शाबूत आहे. म्हणून हरळीचें शेत साफ करावयाचें तर कांहीं वर्षांतून एकदां चार-पांच बैलजोड्या लावून खोल नांगरट करावी लागे, किंवा कुदळीनें खणावें लागे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिल्यानें निघाला तेव्हां लोखंडानें जमिनीला विष चढतें म्हणून तो शेतकरी घेईनात, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर गेला. माझी समजूत अशी, कीं खोल गेलेल्या तणापर्यंत पोंचण्याची गरज हें त्या स्वागताचें एक मोठें कारण असावें.

परंतु नांगर हा अर्धाच इलाज होता. उरलेला अर्धा सूर्याकडे असे. नांगरट करावयाची ती माघ-फाल्गुनांत, म्हणजे पुढें सबंध उन्हाळा मिळतो. काशा वर काढून, शक्य तितक्या वेंचून, तापलेल्या भुईवर उघड्या पडूं द्यावयाच्या. जमिनीशीं संबंध तुटलेली काशी चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कांहीं दिवसांत सुतळीसारखी वाळते. हरळी मारण्याचा वऱ्हाडी मंत्र तो हाच: तिला खोल जमिनीपासून तोडा, वरच्या थरांत ठेवा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ठेवा.

आतां उंद्रीच्या अंगणांत परत जाऊं. रोपवाटिकेंतील कापणीयंत्र गवताच्या खालून बोटभर अंतरावर फिरतें. म्हणजे तें वखराचेंच काम करतें, आणि वखराहून वरून करतें. कापून निघालेल्या लादींत पानें असतात, वरची वीण असते, थोड्या वरवरच्या काशा असतात. खोल मुळें जेथल्या तेथें राहतात. ही तोडलेली हरळी माघ महिन्यांत एका कठीण भुईवर पसरली गेली. ज्या कृतीनें शेतकरी हरळी मारतो ती कृति येथें पायरीपायरीनें, तंतोतंत, आणि पैसे देऊन पार पाडली गेली होती. त्या वृद्ध शेतकऱ्याला हें शब्दांत सांगतां आलें नसतें कदाचित्. पण अंगण मेल्यावर त्याला नवल वाटलें नाहीं एवढें खरें.

अर्थात् तयार हिरवळ सर्वत्र मरते असें नाहीं. लावणारा जाणता असला तर पुण्यामुंबईकडे शेंकडों ठिकाणीं ती जगते. लादी अंथरल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिचीं नवीं मुळें खालच्या मातींत शिरलीं पाहिजेत, एवढ्यावर सगळें अवलंबून असतें. उंद्रीस तें झालें नाहीं, याचा पुरावा हातीं लागला तो फावड्यानें. मेलेल्या लादीची कड धरून ओढली तर ती चटईसारखी सबंध उचलून आली. एकही मूळ तुटल्याचा आवाज झाला नाहीं. मुळें तांबड्या मातीच्या तळाशीं येऊन, काळ्या मातीच्या तोंडाशीं आडवीं वळलीं होतीं, जणूं खालीं फरशी असावी. आणि फरशीसारखीच ती होती. घर बांधतांना विटांच्या व वाळूच्या गाड्या त्याच जागेवरून गेलेल्या; शेवटीं जमीन सपाट दिसावी म्हणून पाणी मारून वर रूळ फिरविलेला. काळी माती ओली असतां दाबली म्हणजे तिची वीट होते.

मग मृत्यूचा क्रमही लागला. सकाळ-संध्याकाळ नळीनें घातलेलें पाणी तांबड्या मातीच्या पातळ थरांतून उतरून त्या विटेवर तुंबलें. मधला भाग किंचित् खोलगट, तेथें तें अधिक सांचलें, आणि कोंवळीं मुळें हवेवांचून गुदमरून कुजलीं. होळीचा पिंवळेपणा व वास हा त्याचा. कूज पाहून कोणीतरी सल्ला दिला कीं पाणी तोडा. तें तोडल्याबरोबर खालची काळी माती आंकसूं लागली, तिला भेगा पडल्या, लाद्या एकमेकींपासून ओढल्या जाऊन कडा उघड्या पडल्या. घाबरून पुन्हां पाणी सोडलें तेव्हां तें फटींतून भेगांत आणि भेगांतून खोल गेलें. लादी कोरडीच राहिली. म्हणजे गवत प्रथम पाण्यांत बुडालें आणि नंतर तहानेनें मेलें. दोन परस्परविरुद्ध मरणें एकाच अंगणांत एका महिन्याच्या अंतरानें आल्यामुळेंच गांवांतील निदानें एकमेकांशीं जुळत नव्हतीं. ज्यानें जें पाहिलें तें खरेंच होतें.

रोपवाटिकेच्या पावतीवर गवताचें नांव ‘बर्म्युडा’ असें होतें. या नांवाचीही एक कथा आहे. बर्म्युडा बेटांशीं या गवताचें मूळचें नातें नाहीं. तें जुन्या जगांतलें, आफ्रिका-आशियांतलें. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तें अमेरिकेच्या दक्षिण भागांत पसरलें होतें, आणि तेथील कापूस पिकविणारे शेतकरीही आमच्या शेतकऱ्यांप्रमाणेंच त्याच्या नांवानें बोटें मोडीत. पुढें विसाव्या शतकांत जॉर्जिया संस्थानांतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानें त्याचा एका आफ्रिकन भावंडाशीं संकर करून बारीक पानांचे नवे वाण काढले. त्यांतील टिफवे हा वाण १९६० सालीं निघाला. हे संकरित वाण वांझ असतात, त्यांना पेरण्याजोगें बीं येत नाहीं. त्यामुळें त्यांचे तुकडे लावावे लागतात, किंवा थर कापून न्यावे लागतात. आणि लादीच्या व्यापाराला यांतूनच मोठें बळ मिळालें. आमच्या बांधावरच्या दूर्वेचे भाऊबंद अमेरिकेची वारी करून, नवें नांव धारण करून परत येतात आणि चौरस फुटाच्या भावानें विकले जातात. लग्नसमारंभाच्या जागेस ‘लॉन्स’ म्हणण्याची जी चाल गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रभर पसरली आहे ती पाहतां हा व्यापार लहान नाहीं. मराठींत हिरवळ असा सुंदर शब्द असतां मंगल कार्यालयाच्या पाटीवर तो कधीं दिसत नाहीं, याचें मला वाईट वाटतें, पण असो.

एक हिशेब मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. उन्हाळ्यांत असें गवत हिरवें ठेवावयाचें तर दिवसाला सुमारें सहा मिलिमीटर पाणी लागतें असें धरतात. हजार चौरस फुटांस तें रोज साडेपांचशें लिटरांच्या घरांत जातें. टंचाईच्या दिवसांत खेड्यांना टँकरनें पाणी पुरवितांना माणशीं २० लिटर हा निकष धरण्यांत येत असे. म्हणजे त्या अंगणाचें रोजचें पाणी सत्तावीस माणसांचें होतें. बुलढाण्यांत टँकर ही गोष्ट कोणाला नवी नाहीं. अंगण मेलें तेव्हां माझ्या स्नेह्यांच्या पत्नी म्हणाल्या, कीं शेजारणी घागरी घेऊन हापशावर उभ्या असतां आपल्या दारांत नळी चालू ठेवणें त्यांना एक दिवसही सुखाचें वाटलें नव्हतें.

पुढील मृगांत त्या वृद्ध शेतकऱ्याच्याच सल्ल्यानें काम झालें. मेलेल्या लाद्या उचलून खतांत टाकल्या. भुई टिकावानें वीतभर खणून, ढेंकळें फोडून, तींत वाळू व शेणखत मिसळलें, आणि मधला खोलगट भाग भरून पाणी वाहून जाईल असा उतार दिला. बांधावरची हरळी उपटून तिचे दोन-तीन पेरांचे तुकडे आषाढांत चार-चार बोटांवर खोंचले. भाद्रपदांत गणपतीच्या दूर्वा घरच्या झाल्या आणि दिवाळीपर्यंत भुई झांकून गेली. उन्हाळ्यांत ती हिरवळ पिंगट पडते, तिला कोणी पाणी घालीत नाहीं, आणि पहिल्या पावसानंतर आठवड्यांत ती पुन्हां फुटते. दिसावयास ती पूर्वीच्या गालिच्याइतकी तलम नाहीं. मुलें लोळतात तेव्हां थोडी टोंचते.

यंदा पेरणीपूर्वीं कुंपणाच्या कडेनें दीड हात खोल चर खणावा लागला. पलीकडे सोयाबीनचें शेत आहे, आणि त्याच्या मालकानें येऊन सांगितलें होतें कीं मास्तरांची हरळी कुंपणाखालून आपल्या शेतांत निघाली आहे.